पुण्याला गेलात तर घटकाभर बागेत बसा

गावाकडचा माणूस पुण्याला जातो तो कामाने जातो. कोणाचे डोळ्याचे ऑपरेशन असते, कोणाची कोर्टाची तारीख असते, कोणाच्या मुलाचा कॉलेजातला प्रवेश असतो, कोणाला ट्रॅक्टरचा एखादा भाग तालुक्याला मिळत नाही म्हणून जावे लागते. काम झाले की स्वारगेटचा स्टँड गाठायचा आणि मिळेल ती गाडी धरायची. गाडीला अवकाश असला तर पिशवी उशाशी घेऊन तिथेच दोन तास काढायचे. बाग बघायला कोण जातो? "आपल्याला काय हिरव्याचे कौतुक? जन्मल्यापासून आपण हिरव्यातच आहोत," हे आपले ठरलेले उत्तर.

हे उत्तर खोटे नाही. पण जरा थांबा आणि आठवून बघा, तुमच्या घरातली बाई शेतात रिकाम्या हाताने शेवटची कधी बसली होती? बांधावर ती बसते, पण भाकरी सोडायला. लिंबाखाली टेकते, पण तान्ह्याला पाजायला. तेवढ्या वेळातही तिची नजर कपाशीवरून फिरत असते. मावा पडला आहे का, हराळी किती वर आली, म्हशीला आज चारा कुठला न्यायचा. हिरवे दिसले की आपल्याला काम दिसते. गड्यांचेही तेच. उसाच्या फडात उभा राहून वाऱ्याची झुळूक खाणारा शेतकरी कोणी पाहिला असेल तर कळवावे.

बाग म्हणजे अशी जागा की जिथे हिरवे असते पण ते आपले नसते. तिथली हराळी तुम्हाला खुरपायची नाही, तिथल्या फुलाचा भाव तुम्हाला विचारायचा नाही, पाऊस लांबला तरी तिथल्या गवताची काळजी तुमच्या जिवाला नाही. हिरव्यात बसून काहीही न करण्याची सोय शहरातल्या माणसाने आपल्यासाठी करून ठेवली आहे. ज्याला तिची खरी गरज आहे तो मात्र बाहेरच्या बाहेर गाडी पकडून जातो.

आता पुण्यात बागा पुष्कळ. तळ्यातल्या गणपतीची सारसबाग सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे दर्शन होते, भेळ मिळते आणि गर्दीही तशीच असते. पोरांना भेळ खायची असेल तर खुशाल तिकडे जा. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन, बायकामुलांना घेऊन शांतपणे बसायचे असेल, तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचे नाव ध्यानात ठेवा. जागा दहा एकरांची. म्हणजे बऱ्या खातेदाराच्या एका तुकड्याएवढी. २००६ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिचे दुसरे नाव 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान'. जपानात ओकायामा नावाचे शहर आहे, तिथे कोराकुएन म्हणून तीनशे वर्षांची जुनी बाग आहे. तिच्या धर्तीवर ही पुण्याची बाग केली आहे.

जपानी बागेला पु. लं.चे नाव कसे, असे कोणी विचारील. पु. ल. देशपांडे पूर्वेकडच्या देशांत हिंडून आले होते, आणि त्या प्रवासाचे 'पूर्वरंग' हे पुस्तक त्यांनी लिहिले. त्यात जपानही आहे. १२ जून २००० रोजी ते पुण्यातच वारले. हसवणाऱ्या माणसाचे नाव इतक्या गप्प बागेला दिले आहे, याची थोडी गंमत वाटते खरी. पण ज्यांनी त्यांचे लेखन वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की या गृहस्थाला चांगली गोष्ट दिसली की तिच्यापुढे गप्प उभे राहणेही जमत असे.

बागेला जायचे कसे? स्वारगेटहून सिंहगड रस्त्याने जाणाऱ्या शहर बसमध्ये बसायचे. दांडेकर पूल मागे पडला की कंडक्टरला सांगून ठेवा, तो उतरवील. बरोबर सामान किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर रिक्षा करा, अंतर फार नाही. बाग दुपारी बंद असते. पहाटे-सकाळी आणि दुपारी चारच्या पुढे, अशा तिच्या वेळा असतात. त्या ऋतूप्रमाणे थोड्या मागेपुढे होतात, तेव्हा निघण्याआधी कोणाला तरी विचारून घ्यावे. भर उन्हात अकरा वाजता जाऊन बंद फाटकापुढे बसलेली खेड्यातली मंडळी मी पाहिली आहेत. तिकीट आहे, पण ते जड वाटण्यासारखे नाही.

खरे म्हणजे आपल्यापैकी कित्येकांना बस विचारण्याचीही गरज नाही. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांना, हिंगणे, वडगाव, धायरी इकडे, निम्म्या महाराष्ट्राचे एक नवे गावच वसले आहे. आपला मुलगा, पुतण्या, भाची, कोणी तरी तिथे दोन खोल्यांत राहून नोकरी करते. दिवाळी झाली, सुगी उरकली की म्हातारा-म्हातारीला तिथे बोलावणे येते. "या आठ दिवस, हवापालट होईल." म्हातारी शेंगदाणे, ज्वारी, लोणच्याची बरणी बांधून निघते.

पहिला दिवस कौतुकात जातो. दुसरा दिवस नातवाबरोबर. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामावर, सून कामावर, नातू शाळेत आणि कुलपाची किल्ली म्हातारीच्या कमरेला. गॅलरीत उभे राहावे तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. खाली उतरावे तर रस्ता ओलांडायची भीती. ज्या म्हाताऱ्याने उभा जन्म उघड्यावर काढला तो दिवसभर टीव्हीसमोर बसून राहतो, आणि चौथ्या दिवशी म्हणतो, "वासराला बरं नाही म्हणून फोन आला होता, जावं लागंल." फोन आलेला नसतो. सुनेला वाटते आपले काही चुकले. मुलाला वाटते आईवडिलांना आपले घर गोड लागत नाही. चुकलेले कोणाचेच नसते. माणसाला पाय टेकायला माती आणि डोळ्यांना लांबवर बघायला जागा लागते, एवढेच.

तेव्हा शहरात राहणाऱ्या मुलामुलींनो, हा अंक तुमच्या हाती पडला तर एवढे करा. आईबाप आले की दुसऱ्याच दिवशी त्यांना या बागेची वाट दाखवा. एकदा बरोबर जा. फाटक दाखवा, बसायची जागा दाखवा, परत यायची खूण दाखवा. पुढच्या वेळी ते आपले आपण जातील. वासराला बरे नसण्याचा फोन आठव्या दिवसापर्यंत येणार नाही.

आणि एक गोष्ट मी वेगवेगळ्या बागांमधून वारंवार पाहिली आहे. घरात जे बोलणे निघत नाही ते बागेत निघते. जमिनीच्या वाटणीचे असेल, विहिरीच्या कर्जाचे असेल, मुलीच्या सासरी काय चालले आहे त्याचे असेल. घरात बाप आणि मुलगा समोरासमोर बसतात, मध्ये चहाची कपबशी असते, स्वयंपाकघरातून कान इकडे असतात, आणि दोघेही पावसापाण्याचे बोलून उठतात. बाकावर दोघे शेजारी शेजारी बसतात. दोघांचीही तोंडे पाण्याकडे. एकमेकांच्या डोळ्यांत बघावे लागत नाही. मग बाप सहज म्हणाल्यासारखा म्हणतो, "धाकट्याचं म्हणणं हाय की वरचं रान त्याला द्यावं." मुलगा थोडा वेळ गप्प राहतो, आणि मग जे उत्तर देतो ते घरात दिले असते त्याहून मऊ असते. असे एक संभाषण माझ्या मागच्या बाकावर चालले होते. ऐकू नये म्हणून मी उठून दुसरीकडे गेलो, तेव्हा शेवट काय झाला ते सांगता येत नाही. पण तासाभराने ते दोघे पुलावर उभे राहून मासे बघत होते.

आता आत गेल्यावर काय दिसते ते सांगतो. पहिल्यांदा दिसते ती हिरवळ. सपाट नव्हे, अंगावर गोधडी टाकल्यासारखी उंचसखल. मधून वळणावळणाने वाहणारे पाणी, त्यावर लहान पूल, ठिकठिकाणी मांडलेले दगड, तळी आणि तळ्यांत रंगीत मासे. झुडपे कातरून गोल केलेली. फुलांचे ताटवे शोधायला जाल तर निराशा होईल. ही बाग फुलांची नाही, ती गवताची, पाण्याची आणि दगडाची आहे. दगड मांडण्यात काय कौतुक, असे ज्याला वाटेल त्याने आपल्या विहिरीची ताल आठवावी. नुसता ढिगारा टाकलेला दगड आणि गवंड्याने बसवलेला दगड यांत काय फरक असतो ते आपल्याला सांगायला नको.

पाऊलवाट आखलेली आहे, तिच्यावरूनच चालायचे. हिरवळीवर पाय दिला की रखवालदाराची शिट्टी वाजते. आत खाणेपिणे चालत नाही, चेंडूफळी चालत नाही. कोणी म्हणेल, ही कसली बाग? पोराला धावू नको म्हणायचे तर त्याला नेलेच कशाला? पण आपल्या पोरांना हे समजावणे शहरी पोरांपेक्षा सोपे आहे. "हे उगवण झालेलं रान आहे असं समज," एवढे म्हटले की झाले. कोवळ्या गव्हातून पळू नये हे शेतकऱ्याच्या पोराला शिट्टी न वाजवता कळते. ही बाग पळण्या-खेळण्यासाठी नाही, चालण्या-बसण्यासाठी आहे. मुलांचे पोट भरून मग आत न्यावे. भुकेले पोर कोणत्याच बागेत शांत बसत नाही. आधी एखाद्या झाडाखाली शिदोरी सोडा, हात धुवा, मग आत शिरा. आणि पोरांना माशांपाशी सोडा. अर्धा तास त्यांची चिंता नाही.

पाण्याचे मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण हे पाणी आपले आहे.

बागेच्या लगत मुठा उजवा कालवा वाहतो, आणि त्याचेच पाणी बागेतून फिरवले आहे. हा कालवा खडकवासल्याहून निघतो. खडकवासल्याचे धरण इंग्रजी अमदानीतले, १८७९ च्या सुमारास पुरे झालेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा तेही फुटले आणि निम्मे पुणे वाहून गेले. मागाहून ते पुन्हा बांधून काढले. त्या धरणाचे पाणी पुण्याच्या पोटातून जाते आणि पुढे हवेली, दौंड, इंदापूर अशा तालुक्यांच्या रानात पोहोचते. कालव्याची लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे बागेतल्या ओढ्याकाठी बसून इंदापूरचा शेतकरी जे पाणी बघतो ते त्याच्या उसाला, ज्वारीला मिळणाऱ्या पाण्याचे सख्खे भावंड आहे. काही जणांना हे बघून राग येईल. आवर्तन पुढे गेले म्हणून टेलच्या चाऱ्या कोरड्या पडलेल्या असतात, आणि इथे मासे पोहत असतात!

राग समजण्यासारखा आहे, पण तो बागेवर काढू नये. दहा एकरांना किती पाणी लागते हे तुम्ही-आम्ही बोटांवर सांगू. खरा हिशेब शहराच्या नळांचा आहे. धरण बांधले तेव्हाचे पुणे आणि आजचे पुणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडला. तोंडे वाढली, तसा धरणातला शहराचा वाटा वाढला आणि शेतीच्या पाळ्या लांबल्या. शहराने वापरलेले पाणी शुद्ध करून मुंढव्याहून जुन्या कालव्यात सोडायचे, म्हणजे ते खालच्या शेतीला मिळेल, अशी योजना केली आहे. ते पाणी किती शुद्ध आणि किती वेळेवर यावरून तंटे चालूच असतात. ते तंटे घालावेतच. पण बागेत बसून एक फायदा होतो. शहरातला माणूस नळ सोडतो तेव्हा पाणी भिंतीतून आले असे त्याला वाटते. इथे त्याच्या पोराला पाणी वाहताना दिसते. शेजारच्या बाकावर एखादे शहरी कुटुंब असेल, त्यांचे पोर "हे पाणी कुठून येतं?" असे विचारीत असेल, तर तुम्ही सांगा. खडकवासल्याहून येते आणि आमच्या रानात जाते, असे सांगा. तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी सांगणार नाही. २७ सप्टेंबर २०१८ ला हाच कालवा पर्वतीच्या बाजूला फुटला, गरिबांच्या वस्तीत पाणी शिरले, घरे वाहून गेली. त्या दिवशी पुष्कळ पुणेकरांना आपल्या शहरातून एवढे पाणी वाहते याची जाणीव झाली.

आता मूळच्या जपानी बागेविषयी. हे वाचताना तुम्हाला नवल वाटेल, कारण त्या बागेत भाताची खाचरे आहेत.

ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली कोराकुएनचे काम सुरू केले आणि १७०० साली ती पुरी झाली. आपल्याकडे तो काळ औरंगजेबाशी झुंजण्याचा. राजाराम महाराज वारले ते १७०० सालीच. बाग पुण्याच्या बागेच्या तिपटीहून मोठी, सुमारे ३३ एकर. आत तळी, ओढे, टेकडी, हिरवळ, चहाचा मळा आणि भाताची खाचरे. आजही जून महिन्यात तिथे समारंभाने भातलावणी होते, लोक मुलाबाळांना घेऊन ती बघायला येतात. म्हणजे त्या सरदाराने करमणुकीसाठी बाग केली तेव्हा त्याला शेतही बघण्यासारखे, मन निवविण्यासारखे वाटले. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांनी बागा केल्या, कारंजी केली, पण बागेत ज्वारीचा वाफा ठेवलेला काही माझ्या ऐकिवात नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्या कारभाऱ्याच्या हातून ही बाग झाली त्याचे नाव त्सुदा नागातादा. याच माणसाने समुद्राला बांध घालून हजारो एकर नवी भातजमीन काढली. शेतकऱ्यांच्या, सामान्य लोकांच्या मुलांसाठी शिझुतानी येथे १६७० साली शाळा निघाली, तिच्या उभारणीतही हाच. बांधबंदिस्ती करणारा, शाळा काढणारा आणि बाग करणारा माणूस एकच होता. बागेला कोराकुएन हे नाव मात्र उशिरा, १८७१ साली मिळाले. एका जुन्या चिनी वचनावरून ते घेतले आहे. त्याचा भावार्थ असा की राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी करावी आणि सुख लोकांच्या मागून घ्यावे. सुख मागून घेण्याची बाग! १८८४ साली ती सरदाराच्या घराण्याकडून तिथल्या सरकारकडे आली आणि सर्वांना मोकळी झाली. १९३४ साली पुराने तिचे नुकसान झाले, १९४५ साली बॉम्बफेकीने झाले. जुनी चित्रे जपून ठेवलेली होती, त्यांबरहुकूम जपान्यांनी ती पुन्हा जशीच्या तशी उभी केली. जाता जाता सांगायचे तर ओकायामाकडचा मुलूख द्राक्षांसाठी आणि पांढऱ्या पीचसाठी नावाजलेला आहे. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना तिथे परके वाटणार नाही.

पुण्याच्या बागेत भाताचे खाचर शोधू नका. पण शेतकऱ्याच्या डोळ्याला बघण्यासारखे खूप आहे. पाणी कसे खेळवले आहे ते बघा. उतार इतका बेताचा आहे की ओढा वाहतो पण माती धुपत नाही. पाणी एकदम खाली सोडलेले नाही, दगडांच्या पायऱ्यांवरून उतरवलेले आहे. आपण बांधावर सांडवा काढतो तेव्हा हेच करायचे असते आणि तेच राहून जाते. झाडांची छाटणी बघा. आपल्याकडे छाटणी म्हटले की कुऱ्हाड. इथे माळी कात्रीने बोटबोट घेतो आणि दर दोन कातऱ्यांनी मागे सरून बघतो. थांबला की त्याच्याशी बोला. बागांमधले माळी आणि खुरपणाऱ्या बाया या बहुतेक आपल्याच भागांतून आलेल्या असतात. "कंचं गाव?" असे विचारले की गवताची जात, खताचे प्रमाण, पाणी किती दिवसांनी, सगळे कळते. शिवाय ख्यालीखुशाली कळते ती वेगळीच.

मायबहिणींनो, तुम्हाला दोन शब्द वेगळे. बागेत गेल्यावर लगेच पिशवी उघडून काही निवडायला बसू नका. हसू नका, पाहिलेले सांगतो. एक बाई तासभर बाकावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होती. शेंगा मोडून झाल्यावर तिने हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा वर बघितले. समोर एवढे पाणी आहे हे तेव्हा तिच्या लक्षात आले असावे, कारण ती शेजारच्या पोरीला म्हणाली, "अगं, सांगायचं नाही का!" पोरीने आधी दोनदा सांगितले होते.

बाईला असे रिकामे बसताना चोरट्यासारखे वाटते. गावात तिला तशी जागाच नाही. पुरुषाला पार आहे, चावडी आहे, हॉटेलाचा बाक आहे, काही नाही तर एसटीचा थांबा आहे. तिथे तो तास तास बसला तरी कोणी काही म्हणत नाही. बाईने दहा मिनिटे बसायचे तर हातात धुण्याचा पिळा, नाही तर डोक्यावर हंडा, नाही तर देवळात कीर्तन, असे काही कारण लागते. पारावर बसलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? शहरातल्या बागेत मात्र बाया नुसत्या बसतात आणि कोणी विचारीत नाही. तिकीट काढून आत आलेल्या बाईला बसण्याचा हक्क असतो, हे मला त्या बागेचे सर्वांत चांगले वैशिष्ट्य वाटते. दगड, मासे आणि पूल त्याच्या मागून.

म्हणून काही गावांतल्या शाळेमागे, तळ्याकाठी, पाण्याच्या टाकीखाली पाच-दहा गुंठे सरकारी नाही तर गावठाणाची जागा रिकामी दिसते तेव्हा वाईट वाटते. तिथे जपानी ओढा नको. लिंब, करंज, बहावा, ताम्हण, बकुळ अशी दहा-वीस झाडे, शेळ्या आत येणार नाहीत असे कुंपण, पाठ टेकेल अशी चार बाकडी आणि ठरलेल्या वेळी बायकांनी आणि पोरांनीच बसायचे असा गावाचा दंडक, एवढे पुरे. झाडे लावण्याचे फोटो सगळेच काढतात. अवघड असते ते तीन उन्हाळे पाणी घालणे. ग्रामपंचायतीने ते काम कोणा एकाला नेमून मोबदला देऊन करून घ्यावे. सगळ्यांनी मिळून पाणी घालू असे ज्या गावाने ठरवले तिथली झाडे पहिल्याच वैशाखात जळालेली मी पाहिली आहेत.

असो. बागेकडे वळू. कोणत्या दिवसांत जावे असे विचाराल तर पावसाळ्याचा शेवट ते संक्रांत हा काळ उत्तम. श्रावणात हिरवळ अशी असते की डोळे निवतात, पण वाटा निसरड्या असतात, म्हाताऱ्यांनी जपून. उन्हाळ्यात गेलात तर सकाळी जा. रविवारी आणि सुटीच्या दिवशी गर्दी होते, म्हणून आठवड्यातला मधला दिवस बरा. तसेही आपल्याला रविवारची सुटी कुठे असते? काठी लागणाऱ्या माणसाला आत फार लांब नेऊ नका. फाटकापासून जवळच पाणी दिसेल अशा जागी बसवा आणि बाकीच्यांनी एक फेरी मारून या. चपला काढून थोडा वेळ पाय मोकळे करून बसावे, कोणी हटकत नाही. पाण्याची बाटली जवळ असू द्या.

मुक्कामाला कोणाकडे न थांबता त्याच दिवशी गावी परतायचे असेल तर वेळेचा हिशेब नीट करा. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी वाहनांची रीघ लागते आणि सकाळी दहा मिनिटांत झालेला रस्ता तेव्हा पाऊण तास खातो. सातची गाडी असेल तर पाचलाच उठा. पोरे उठायला तयार नसतात, त्यांना माशांचा शेवटचा निरोप दोनदा घ्यायचा असतो, त्यासाठी दहा मिनिटे वेगळी धरा.